लपवलेले आणि झाकलेले



गुरू देहाने गेले की शिष्याच्या हातात काय उरते, हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. आपण पुण्यतिथी करतो, सप्ताह बसवतो, काल्याचे कीर्तन ठेवतो, पंगत घालतो. ज्याची ऐपत आहे तो धर्मशाळेला खोली बांधून देतो आणि दारावर नावाची फरशी बसवतो. यातले काहीच मी कमी लेखत नाही. पन्नास वर्षे अशाच सप्ताहांतून मी वीणेकऱ्यापुढे उभा राहिलो आहे. पण ज्या गुरूने जन्मभर "माझे नाव नको, शिकवले ते धरा" असेच सांगितले, त्याची आठवण कशी करावी? नाव कोरावे तर त्याचा शब्द मोडतो, कोरू नये तर आपले मन मानत नाही. या पेचातून काही विद्यार्थ्यांनी एक वाट काढली. ती ऐकून तुम्ही आधी हसाल. मग त्या वाटेवर एक वाद उभा राहिला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

ज्यांच्याविषयी सांगतो ते गुरुजी कीर्तनकार नव्हते. कऱ्हेकाठच्या एका शाळेत गणित शिकवीत. गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही, आणि माझ्या कीर्तनात सव्वीस वर्षे मागे टाळ घेऊन उभे. नाव छापत नाही, कारण त्यांना ते आवडले नसते. त्यांना कोडी घालण्याचा नाद होता. दिवे घाट चढताना दिंडीतल्या पोरांना धाप लागली की हे हळूच विचारायचे, "आपल्या दिंडीत दोघांमागे एक टाळ आणि पाचांमागे एक पताका धरली, तर टाळांपेक्षा पताका किती कमी?" पोरे माणसे मोजू लागत, भांडत, पुन्हा मोजत, आणि तेवढ्यात घाटमाथा येई. उत्तर बरोबर की चूक हे गुरुजी लगेच सांगत नसत. "पुन्हा करून बघ" एवढेच. सासवडच्या मुक्कामी रात्री पोरगा पुन्हा आकडा घेऊन आला, की मग त्याच्या पाठीवर हात.

तीन वर्षांपूर्वी गुरुजी गेले. माजी विद्यार्थी जमले. निम्म्यांचे म्हणणे पडले की वेशीवर कमान उभारावी. दुसऱ्यांना ते पटेना. त्यांतला एक विद्यार्थी अमेरिकेत ऑरेगन राज्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "कमानीखालून लोक मान वर न करता जातात. गुरुजींची आठवण करायची तर लोकांना कोडे घालू आणि चालायला लावू."

तिकडे एक खेळ आहे, तो त्याने आम्हाला समजावून सांगितला. आकाशातल्या उपग्रहांवरून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळते. ती सोय आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आली आहे. मूळची ती अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणारा ठिकाणा ते पूर्वी मुद्दाम चुकवून देत, शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या आरंभी ही मुद्दामची चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगनमध्येच, बीव्हरक्रीक गावाजवळ रानात एक बादली दडवली. तीत काही वस्तू आणि एक वही ठेवली, आणि जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी जाहीर केले. तीन दिवसांच्या आत ती सापडलीसुद्धा. आता त्या जागी स्मरणाची पाटी आहे, आमचा विद्यार्थी ती पाहून आला. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि अशा डब्याला जिओकॅश. यातल्या कॅशचा रोकडीशी काही संबंध नाही बरे. दडवून ठेवलेली वस्तू असा त्याचा अर्थ. डबा सापडला की वहीत नाव लिहायचे, आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा होता तिथे ठेवून निघायचे. जमीन खणायची नाही, खायचे पदार्थ ठेवायचे नाहीत, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. आणि डब्याच्या निमित्ताने कोणत्याही धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार करायचा नाही, असाही नियम आहे. कीर्तनकाराला हा शेवटचा नियम जड जातो, पण वाईट नाही. स्मरणाला प्रचाराची गरज कशाला?

यात एक प्रकार कोड्याचा असतो. जाहीर केलेला ठिकाणा खरा नसतो. कोडे सोडवावे, त्यातून अंक मिळावेत, ते अंक अक्षांश-रेखांशात भरावेत, मग खरी जागा कळावी. एका डब्यात पुढच्याचा धागा, असे करत शेवटच्या डब्यापर्यंत जायचे. सासवडच्या बाजूला अक्षांश अठरा अंश आणि वर काही मिनिटे येतो. मिनिटानंतर दशांश चिन्ह देऊन तीन अंक लिहितात. त्यातला तिसरा अंक एकाने चुकला तर माणूस जमिनीवर दोन मीटरांच्या आत चुकतो, म्हणजे दोन-तीन पावले. पहिला अंक चुकला तर जवळजवळ एकशे पंच्याऐंशी मीटर, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात. गुरुजींच्या फळ्यावर दशांश चिन्हाची जागा चुकवणाऱ्या पोरांना आता ते का ओरडत ते कळले असेल.

हे सगळे ऐकून माझ्या मनात पहिली शंका आली ती सांगतो, कारण तुमच्याही मनात ती आली असणार. आपला संप्रदाय उघड्या वाटेचा. माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो ज्ञान झाकून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही नामाचा अधिकार, ही आपली प्रतिज्ञा. मग त्याच परंपरेतल्या माणसाच्या नावाने वस्तू दडवायच्या, कोडी घालायची, ज्याला सुटेल तो आत आणि बाकीचे बाहेर, हे कसे?

समाधान असे. लहान मुलांचा लपंडाव पाहा. जो लपतो त्याला सापडायचे असते. फार वेळ कोणी शोधायला आलेच नाही तर तो खोकतो, दाराआडून डोके काढतो, आणि तरीही कोणी आले नाही तर रडत बाहेर येतो. हे लपणे शोधणाऱ्यासाठी आहे. दुसरे एक झाकणे असते. घरातली बाई फाटका पदर आत खोचते, गरीब माणूस उपाशी असता पाहुण्यापुढे जेवून आल्यासारखा बसतो. तिथे कोणी शोधायला आलेले नको असते. पोथी बासनात बांधून दुसऱ्याला हात लावू न देणारा जो करतो तेही झाकणेच, पण ते लोभाचे. माउलींनी उघडले ते हे लोभाचे झाकण. कोडे त्यांनी कधी वर्ज्य मानले नाही. माउलींचे आणि मुक्ताबाईंचे कूट अभंग आपण गातोच. मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग निरूपणाला घेतला, की श्रोत्यांतले म्हातारे पुढे सरकून बसतात हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. आणि कूट अभंगाचा अर्थ पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकणारा कीर्तनकार मला कधी आवडला नाही. त्याने श्रोत्याचे काम स्वतः केले.

नाथ महाराजांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करत असता एका पैचा मेळ बसेना. रात्र उलटली तरी नाथ वह्या चाळत राहिले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. परंपरा सांगते, स्वामी मागे उभे होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! आता विचार करा. स्वामींनी मध्यरात्री येऊन "अमुक पानावर पाहा" असे सांगितले असते तर पै मिळाली असती, टाळी वाजली नसती. ज्या आनंदावर पुढचा सगळा उपदेश उभा राहिला, तो आनंद शोधण्यात होता. विसोबा खेचरांनी नामदेवांना घातलेले कोडेही तसेच. पिंडीवर पाय ठेवून निजलेला म्हातारा म्हणतो, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. ते पाय इकडून तिकडे उचलता उचलता उत्तर नामदेवरायांना स्वतःच सापडले.

तेव्हा लपवण्यात दोष नाही. लपवणाऱ्याला शोधणारा सापडावा असे वाटते की नाही, एवढे पाहावे. या खेळात तेही मापून ठेवतात हे ऐकून मला बरे वाटले. प्रत्येक डब्याला कोडे किती कठीण आणि वाट किती कठीण अशा दोन खुणा, एक ते पाच ताऱ्यांच्या, द्याव्या लागतात. वाटेला एक तारा म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही पोचू शकेल. अडलेल्यासाठी एखादी सूचनाही देतात, ती उलट्या लिपीत लिहितात, म्हणजे हवी त्यानेच उलगडून वाचावी. "पुन्हा करून बघ" म्हणणाऱ्या गुरुजींची हीच रीत.

विद्यार्थ्यांनी पाच डबे करायचे ठरवले. दोन डब्यांत एक दशांश मैल, म्हणजे एकशे एकसष्ट मीटर तरी अंतर लागते. मंदिराच्या आवारात एकही नाही, पालखीच्या रस्त्यावर एकही नाही. आषाढीच्या वारीत त्या रस्त्याने लाखोंचा समाज जातो. बेवारस डबा दिसला तर पोलिसांची धावपळ आणि लोकांची घबराट. ज्यांच्या बांधावर, विहिरीजवळ डबे ठेवायचे त्यांना विचारले, पोलीस पाटलांना सांगितले, आणि डबे पारदर्शक घेतले, वर मराठीत 'हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे' अशी चिठ्ठी. जागा मी सांगणार नाही. एक कोडे मात्र सांगतो, कारण ते सुटल्यावर मुलांनी बदलून टाकले आहे.

चिठ्ठीवर एवढेच होते: चौदाची औटकी. अमेरिकेतल्या त्या विद्यार्थ्याने मुद्दाम असे कोडे काढले की उत्तरासाठी कोणा म्हाताऱ्या माणसाकडे जावे लागेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या पिढीच्या तोंडात होते. दुकानदार, सुतार, गवंडी सगळे त्यावर चालत. औट म्हणजे साडेतीन. चारची औटकी चौदा, दहाची पस्तीस. कीर्तनात साडेतीन मात्रांचा ओंकार आणि साडेतीन हातांचा देह आला की गुरुजी टाळ थांबवून माझ्याकडे पाहून हसायचे.

डबे ठेवण्याआधी परीक्षा म्हणून चार-पाच तरुणांना कोडी दिली. ती मुले गुरुजींच्या घरी ओसरीवर बसून मोबाइलमध्ये डोके खुपसून होती. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आत भाकरी थापत होत्या. शाळा चौथीपर्यंत. एका मुलाने मोठ्याने वाचले, "चौदाची औटकी म्हणजे काय रे?" आतून भाकरीच्या थापण्याच्या तालात आवाज आला, "एकोणपन्नास." मुले गप्प. काकू बाहेर आल्या, हाताला पीठ. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी शेजारची पोरं इथंच पाठ करायची. मी चुलीपाशी. कान काय बंद ठेवते?" त्या दिवशी मुलांनी ठरवले की शेवटचा डबा एका ताऱ्याच्या वाटेवर ठेवायचा, काकूंना काठी टेकत जाता येईल अशा जागी. आधी तो टेकडीवर ठेवायचा होता, तिथून देखावा छान दिसतो म्हणे. देखाव्याचे काय, तो कुठूनही दिसतो.

आता वादाकडे येतो.

गुरुजींच्या लोखंडी पेटीत, मोडक्या चष्म्याच्या डबीखाली काकूंना एक खिशातली छोटी डायरी सापडली. तिच्यात नावांची नुसती पहिली अक्षरे, पुढे वर्ष आणि रक्कम. कुठे परीक्षेची फी, कुठे वह्या, एकदा चपला. तीस-पस्तीस वर्षांत किती मुलांची फी या माणसाने आपल्या पगारातून भरली, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने ती चाळली आणि एका पानावर त्याला स्वतःचे अक्षर आणि दहावीचे वर्ष दिसले. फी आपल्या वडिलांनी उसनवारी करून भरली असे तो आजवर समजत होता.

तो त्या रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "महाराज, शेवटच्या कोड्याची किल्ली मला मिळाली. डायरीत जेवढी अक्षरे आहेत तो आकडा. नाव कुणाचेच नको. गुरुजींनी किती मुले शिकवून मार्गी लावली एवढा आकडा माणसाला सापडला पाहिजे, तेव्हाच शेवटचा डबा उघडेल."

मी म्हणालो, हे करू नको.

त्याने माझ्याशी वाद घातला, आणि चांगला घातला. तो म्हणाला, दान गुप्त ठेवायचे ते दात्याला अहंकार होऊ नये म्हणून. गुरुजी गेले, आता अहंकार कोणाला होणार? दुसरे, उपकार लपवणे ही कृतघ्नता आहे. तिसरे, हे वाचून आणखी दहा शिक्षक असे करतील. आणि मग त्याने माझ्याच शास्त्रातला दाखला काढला. म्हणाला, "महिपतींनी भक्तविजय लिहिला नसता, संतांची झाकलेली कृत्ये सांगितली नसती, तर तुम्ही पन्नास वर्षे कीर्तनात काय सांगितले असते? नाथांनी रामेश्वराला नेत असलेली कावड गाढवाला पाजली, ती कोणीतरी पाहिली आणि सांगितली म्हणूनच ना आपल्यापर्यंत आली?"

हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर गडबडीने देऊ नये. मी त्याला जे सांगितले ते इथे मांडतो. तुम्हाला पटते का पाहा.

गुप्तदानाला दोन पदर असतात. एक दात्याचा अहंकार, तो दात्याबरोबर संपतो हे मान्य. दुसरा घेणाऱ्याची लाज. ती घेणाऱ्याबरोबर राहते. त्या डायरीतली माणसे आज याच पंचक्रोशीत आहेत. कोणी सरपंच झाला असेल, कोणाच्या घरी सून आली असेल, कोणी आपल्या मुलाला "माझ्या बापाने मला कष्टाने शिकवले" असे सांगत असेल, आणि त्याच्या मनात ते खरेच असेल. नाव लिहिले नाही म्हणून काय झाले? गावात आकडा पुरे असतो. आकडा कळला की लोक मोजायला बसतात: मग यातला एक कोण, दुसरा कोण, अमक्याची तर तेव्हा हलाखीच होती. ज्याला काही देणे नाही घेणे नाही असा कोणी पुण्याहून सुटीच्या दिवशी खेळायला येईल आणि तो आकडा मोबाइलमध्ये भरेल. कोणाची तरी गरिबी कुलपाचा आकडा होईल. हे गुरुजींना चालले असते का?

गाढवाचे म्हणशील तर, बाबा, गाढवाला लाज नव्हती. आणि महिपतींनी भक्तविजय पुरा केला तो शके १६८४ मध्ये. नाथ महाराजांची समाधी शके १५२१ ची. दीडशेहून अधिक वर्षे मधे गेली. ज्यांच्यावर उपकार झाले त्यांच्यापैकी कोणी मान खाली घालायला उरले नव्हते. झाकलेले कायम झाकून ठेवावे असे मी म्हणत नाही. ज्याच्यासाठी झाकले तो आहे तोवर ते त्याचे आहे. दाता ते उघडू शकत नाही, शिष्य तर नाहीच नाही. घेणारा मात्र उघडू शकतो, पण स्वतःपुरते. "तुझे अक्षर त्या डायरीत आहे," मी त्याला म्हणालो, "तुझे तू जगाला सांग. गावाच्या चावडीवर उभा राहून सांग. बाकीची अक्षरे तुझी नाहीत."

तो म्हणाला, "मग मी कोडे घालणार कशाचे? गुरुजींत मोठे होते ते हेच."

इथे मी गप्प बसलो, कारण त्यात त्याची माया बोलत होती आणि मायेशी तर्काने भांडू नये. तरी एक सांगतो. गुरुजींनी आयुष्यभर दोन्ही गोष्टी केल्या. मुलांपासून उत्तर लपवले आणि जगापासून फी झाकली. पहिल्यात त्यांना आपण सापडावे असे वाटत होते, दुसऱ्यात नव्हते. शिष्याला गुरू किती कळला याची खूण मला इथेच दिसते. दोन्ही एकाच पेटीत निघाली म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत.

वादाचा निकाल माझ्या शास्त्राने लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे काकूंकडे गेलो. त्याने सगळे सांगितले, माझे म्हणणेही इमानाने सांगितले. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं रे." एवढेच. डायरी त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि पेटीत परत ठेवली. त्याने पुढे विचारले नाही. माझ्या मनात मात्र तो शब्द अजून आहे. ज्या बाईने मिठाचा खडासुद्धा मोजून वापरला, तिच्या संसारातून ते पैसे जात होते, आणि तिला ते ठाऊक नव्हते. गुरुजींनी तिला सांगायला हवे होते का? घरच्या माणसापासून झाकणे हे झाकणे योग्य की अयोग्य? यावर माझे मत मी ठरवलेले नाही. काकूंना राग आला होता का, हेही मी विचारले नाही. वाचकांपैकी गृहस्थाश्रमी माउलींनी यावर जरूर विचार करावा. आम्हा कीर्तनकारांना घराबाहेर राहण्याची सवय फार.

शेवटचे कोडे मग दुसरेच झाले. ते मी सांगत नाही, पण ते दिवे घाटातल्या टाळ-पताकांच्या जातीचे आहे, आणि ते बसल्या जागी सुटत नाही, चालत जाऊन काही मोजावे लागते.

एक नियम सांगायचा राहिला, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याने डबा ठेवला त्याने तो सांभाळला पाहिजे. सुटीत आला, ठेवला, विमानाने परत गेला, असे चालत नाही. डबा भिजला, फुटला, वही भरली तर जवळ राहणारा कोणी हवा. तेव्हा अमेरिकेतल्या विद्यार्थ्याच्या नावावर हे डबे होऊ शकले नाहीत. ते गावातच राहिलेल्या, दुधाच्या डेअरीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या नावावर आहेत. गणितात तो कच्चा होता असे तोच सांगतो. दर पंधरा दिवसांनी, एकादशी उलटली की सायकलवरून पाचही ठिकाणी फेरी मारतो. पावसाळ्यात वहीभोवती प्लॅस्टिकची पिशवी बदलतो, पेन्सिलीला टोक करतो, डब्यावर चढलेली वेल काढतो.

त्याला पाहिले की मला आळंदीची कथा आठवते. माउलींच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी वाढून गळ्याला लागली, नाथांना दृष्टांत झाला, त्यांनी आळंदीला येऊन समाधी शोधून काढली आणि मुळी दूर केली. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ओव्यांत कालांतराने मिसळलेले काढून टाकले, आणि यापुढे कोणी आपल्या पदरची भर घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. नाथांसारखा समर्थ कवी, त्याने शंभर ओव्या घातल्या असत्या तरी कोणाला कळले नसते. त्यांनी मुळी काढली आणि बाजूला झाले. डेअरीवाल्या पोराने परवा मला विचारले, "महाराज, एका डब्यात मी माझा एक फोटो गुरुजींबरोबरचा ठेवू का?" मी म्हटले, तू काय करावेस ते तुला येईल. त्याने ठेवला नाही. ठेवला असता तरी मी रागावलो नसतो.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी शेवटच्या डब्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्यापुरते चार ओळी लिहिल्या, फीचे, वर्षासकट. बाकीच्यांविषयी एक अक्षर नाही. काकूंना काठी टेकत तिथवर नेले, त्यांनी वही हातात घेतली, ते पान वाचले, आणि खाली मोठ्या अक्षरात सही केली.

कार्तिकीनंतर कोणाला त्या बाजूला जाणे झाले आणि हा खेळ खेळावासा वाटला तर एवढे लक्षात ठेवा. सोबत पाणी न्या, पेन्सिल डब्यात आहे. ज्यांच्या बांधावरून जाल त्यांना आधी रामकृष्ण हरी करा. परवानगी त्यांनी आम्हाला दिली आहे, पण तुम्हाला ते ओळखत नाहीत. पिकात पाय घालू नका. उत्तर अडले तर गावातल्या कोणा म्हाताऱ्या बाईला विचारा. डबा बंद करताना झाकणाचे चारही कान दाबून बसवा, नाहीतर वही भिजते आणि त्या पोराला पुन्हा फेरी पडते.